करदात्यांच्या पैशावर खेळाडू पोसले जातात का? एका फॉरवर्डला सविस्तर उत्तर

गेल्या रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. इंग्रजीत तो बरीच वर्षं फिरतोय, या वेळी कुणीतरी त्याचं मराठी करून टाकलं होतं. त्याचा सारांश असा: 'एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग, एक पैसाही कर भरत नाही. तिची स्टेडियम आपल्या करातून बांधली जातात आणि त्याच पैशातून खेळाडूंना कोट्यवधींचे पगार मिळतात. हे खेळाडू बायकांना मारतात, दारू पिऊन गाड्या चालवतात, आणि लीग डोळेझाक करते. तेव्हा खेळाडूंना कडक आचारसंहिता लावा, वागणूक सुधारली तरच अनुदान द्या. मग पैसा वाया जाणार नाही, कारण स्टेडियममुळे शहराची भरभराट होतेच.'

मेसेज पाठवणारे काका आम्हा सगळ्यांना वडिलांच्या जागी आहेत. त्यांचा संताप खरा आहे, आणि माझाही तोच आहे. पण मी एकोणीस वर्षं ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत, हॅमिल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) राहते. या शहरानं हे सगळं अंगावर सोसलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'लीग कर भरत नाही.' हे शिळं झालंय. करमाफी होती ती लीगच्या मुख्य कार्यालयाला, ३२ संघांना ती कधीच नव्हती. १९६६ मध्ये एनएफएल आणि तिची प्रतिस्पर्धी एएफएल यांच्या विलीनीकरणाला अमेरिकी संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, वाट करून दिली, तेव्हा करकायद्यातल्या व्यापारी संघटनांच्या कलमात 'व्यावसायिक फुटबॉल लीग' हे शब्द घातले गेले. २०१४ मध्ये न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर यांनी ही माफी काढून तो पैसा कौटुंबिक हिंसाचार रोखण्याच्या कामाला द्यावा असं विधेयक मांडलं. ते काही मंजूर झालं नाही, पण एप्रिल २०१५ मध्ये लीगनं स्वतःहून माफी सोडली.

मोठी सवलत दुसरीकडेच आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. शहरं स्टेडियमसाठी रोखे काढतात, त्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर लागत नाही. तो बुडालेला कर देशभरातले लोक भरून काढतात, त्या गावाशी त्यांचा संबंध असो वा नसो. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार २००० सालानंतरच्या ३६ स्टेडियमसाठी केंद्राकडून असं ३२० कोटी डॉलरचं अनुदान गेलं. त्यात बेसबॉल, बास्केटबॉलही आले.

'आपल्या करातून खेळाडूंचे पगार होतात.' या वाक्यामुळेच मी लिहायला बसले, कारण पुढचा सगळा राग याच वाक्यावर उभा आहे.

खेळाडूंचे पगार मुख्यतः टीव्हीच्या पैशातून होतात. १९६१ च्या कायद्यानं सगळ्या संघांना प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायची मुभा मिळाली, तिथून हा पैसा वाढत गेला. प्रत्येक संघानं पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा दरवर्षी ठरते, आणि ती ठरते लीगच्या एकूण उत्पन्नावरून. २०२० च्या करारानुसार खेळाडूंचा वाटा साधारण ४८ टक्के. नव्या स्टेडियममुळे तिकिटांचं उत्पन्न वाढलं तर त्यातलं थोडं खेळाडूंपर्यंत पोचतं, हे मान्य. पण ते ३२ संघांच्या खेळाडूंत विभागलं जातं. शहरानं फुकटात किंवा नाममात्र भाड्यानं दिलेल्या वास्तूमुळे संघाची जी किंमत वाढते, ती सगळी मालकाची. डॅन स्नायडर यांनी वॉशिंग्टनचा संघ स्टेडियमसकट १९९९ मध्ये ८० कोटी डॉलरला घेतला आणि २०२३ मध्ये ६०५ कोटींना विकला.

आता आमच्या गावचं सांगते. मार्च १९९६ मध्ये हॅमिल्टन काउंटीत मतदान झालं आणि विक्रीकर अर्ध्या टक्क्यानं वाढला. दोन स्टेडियम बांधायची होती, एक बेसबॉलच्या रेड्ससाठी, एक फुटबॉलच्या बेंगॉल्ससाठी. लोकांनी हो म्हणावं म्हणून घरमालकांना आश्वासन दिलं होतं की या करातला ३० टक्के भाग तुमची घरपट्टी कमी करायला वापरू. बेंगॉल्सचं स्टेडियम २००० मध्ये उघडलं, खर्च सुमारे ४५ कोटी डॉलर. करातून अपेक्षेइतका पैसा आला नाही. मग घरपट्टीची सवलत कापावी लागली. काउंटीच्या मालकीचं ड्रेक रुग्णालय विकलं गेलं आणि तो पैसा स्टेडियम फंडाच्या खड्ड्यात गेला. १९९७ च्या भाडेकरारात असंही कलम होतं की पुढे कधी होलोग्राफिक रिप्लेची, म्हणजे खेळातला क्षण त्रिमितीत पुन्हा दाखवणारी, यंत्रणा निघाली, तर तीही काउंटीनं आपल्या खर्चानं बसवून द्यायची. तेव्हा तशी यंत्रणा अस्तित्वातच नव्हती. एका बाजूला जिथे लोक उपचार घेत होते ते रुग्णालय विकायचं, आणि दुसऱ्या बाजूला न निघालेल्या यंत्राचं वचन पाळायचं. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

ओहायोत घरी न्यायच्या भाजी-दुधावर विक्रीकर नाही, पण साबण, डिटर्जंट, मुलांच्या वह्या यांवर आहे. माझ्या शनिवारच्या पावतीवर तळाशी ७.८ टक्के असतात आणि त्यातला अर्धा टक्का १९९६ चा. दोनशे डॉलरच्या सामानाला एक डॉलर. मेसनमध्ये आपले बरेच लोक राहतात. ती वॉरन काउंटी, तिथल्या दुकानात हा अर्धा टक्का नाही, पण इकडे खरेदीला आलात की तुम्हीही भरता. तो डॉलर खेळाडूच्या खिशात जात नाही. तो त्या इमारतीत जातो, आणि इमारतीचं उत्पन्न बहुतांशी संघमालकाकडे.

'हे सगळे गुन्हेगार आणि लीग डोळेझाक करते.' यात दोन दावे आहेत, आणि ते वेगळे करायला हवेत.

पहिला चूक आहे. आल्फ्रेड ब्लमस्टाइन आणि जेफ बेनेडिक्ट यांनी १९९९ मध्ये अटकांच्या नोंदी तपासल्या. मारहाणीसाठी अटक होण्याचं एनएफएल खेळाडूंचं प्रमाण सर्वसामान्य पुरुषांपेक्षा बरंच कमी निघालं. हे खेळाडू श्रीमंत आहेत, त्यांची तुलना श्रीमंतांशी करायला हवी, असं म्हणता येईल आणि ते योग्यच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा प्रश्न त्यांच्यात नाही असंही मी म्हणणार नाही, आकडा कितीही लहान असला तरी प्रत्येक आकड्यामागे मार खाल्लेली एक बाई असते. पण 'सगळे गुन्हेगार' हे विधान टिकत नाही. आणि आपण भारतीयांनी, ज्यांच्याबद्दल इथे अशीच सरसकट वाक्यं बोलली जातात, ते पुढे पाठवताना दोनदा विचार करावा. या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, हे विसरून चालणार नाही.

दुसरा दावा अर्धा खरा आहे. लीगची शिस्त आजवर बहुतेकदा बोभाट्यामागून आलीय. २००६ च्या सुमारास नऊ महिन्यांत आमच्याच बेंगॉल्सच्या नऊ खेळाडूंना अटक झाली होती. इथे कुठेही जा, तोच विषय. एप्रिल २००७ मध्ये लीगचे प्रमुख, म्हणजे आयुक्त, रॉजर गुडेल यांनी आचारसंहिता कडक केली. बेंगॉल्सच्या ख्रिस हेन्रीला आठ सामने आणि टेनेसीच्या पॅकमन जोन्सला अख्खा हंगाम बाहेर बसवलं. मग २०१४. बाल्टिमोरच्या रे राइसनं अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या पत्नीला ठोसा मारून बेशुद्ध केलं. शिक्षा दोन सामने. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला आणि तीच शिक्षा अनिश्चित काळाची बंदी झाली. राइसनं लीगपासून काही लपवलं नव्हतं, असं म्हणत लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बंदी रद्द केली. मारलेला ठोसा दोन्ही वेळेला तोच होता, मधल्या काळात तो लोकांना दिसला एवढंच. दोन सामन्यांवरून ओरड झाल्यावर ऑगस्टमध्येच लीगनं जाहीर केलं होतं, कौटुंबिक हिंसाचाराला सुरुवातच सहा सामन्यांपासून; त्या डिसेंबरात ते आचारसंहितेत आलं.

२०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सनं डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला. तेव्हा त्याच्याविरुद्ध वीसहून जास्त महिलांचे लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे होते. त्यानं आरोप नाकारले, टेक्सासातल्या दोन ग्रँड ज्युरींनी, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी, फौजदारी आरोप ठेवले नाहीत, बहुतेक दावे पुढे तडजोडीनं मिटले. लीगच्या शिस्त अधिकारी, माजी न्यायाधीश सू रॉबिन्सन यांनी मात्र त्यानं आचारसंहिता मोडल्याचा निष्कर्ष काढला आणि सहा सामने दिले. लीगनं अपील केलं आणि शेवटी ११ सामने व ५० लाखांचा दंड यावर समझोता झाला. आता कराराकडे नीट पाहा. पहिल्या वर्षाचा मूळ पगार फक्त १० लाख ३५ हजार ठेवला होता, बाकीची मोठी रक्कम बोनस म्हणून. सामना बुडाला की मूळ पगार कापतात. त्यामुळे ११ सामन्यांचे कापले गेले सुमारे ६ लाख ३२ हजार. ही मांडणी खेळाडूनं एकट्यानं केलेली नाही. सही संघाचीही आहे.

आणि इथूनच मेसेजचा शेवटचा मुद्दा कोसळतो.

'खेळाडूंना आचारसंहिता, मगच अनुदान.' खेळाडूंना आचारसंहिता आहे. न्यायालयात दोष सिद्ध नसतानाही शिक्षा करता येईल इतकी व्यापक आहे. त्याच आचारसंहितेत मालक आणि व्यवस्थापनासाठी कसोटी अधिक वरची असल्याचंही लिहिलंय. ती लावली कशी गेली? स्नायडर यांच्या संघाच्या कार्यालयात महिला कर्मचाऱ्यांचा छळ होत असल्याच्या तक्रारींची चौकशी झाली. २०२१ मध्ये संघाला एक कोटी डॉलर दंड झाला आणि चौकशीचा लेखी अहवाल प्रसिद्ध केला गेला नाही. दुसऱ्या चौकशीनंतर २०२३ मध्ये स्वतः स्नायडर यांना सहा कोटी दंड झाला, तो संघ ६०५ कोटींना विकला गेला त्याच दिवसांत. शेकडा एक. आयुक्ताची नेमणूक हे ३२ मालकच करतात, त्याचा पगारही तेच ठरवतात. ज्यांच्या नोकरीत तो आहे त्यांच्यावर त्यानं वरची कसोटी लावावी ही अपेक्षा कागदावर राहते, यात मला नवल वाटत नाही, फार वाईट मात्र वाटतं.

आमच्या घरापासून गाडीनं चार तासांवर क्लीव्हलँड. ब्राउन्सचे मालक हॅस्लम कुटुंब. त्यांच्या तेव्हाच्या पायलट फ्लाइंग जे या ट्रकथांब्यांच्या कंपनीनं ग्राहक वाहतूकदारांना इंधनावरची सूट कमी देऊन फसवल्याचं प्रकरण झालं. २०१४ मध्ये कंपनीनं ९ कोटी २० लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. जिमी हॅस्लम यांच्यावर स्वतः आरोपपत्र आलं नाही, आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं ते म्हणाले. आता त्यांना क्लीव्हलँडजवळच्या ब्रूक पार्कमध्ये नवं स्टेडियम हवंय, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात ओहायो राज्यानं त्यासाठी ६० कोटी डॉलर ठेवले. पैसा कुठला? राज्याकडे पडून असलेला बेवारस पैसा. लोक विसरलेली बँकखाती, न वटवलेले पगाराचे धनादेश, वीज कंपनीकडे राहिलेली अनामत. घर बदलत फिरणाऱ्या माणसांचा पैसा हा, त्यात आपल्यासारखे व्हिसावर आलेले, नोकरीमागे शहरं बदललेलेही असणार. याविरुद्ध लोक न्यायालयात गेलेत. वॉटसनशी तो करार करणारा आणि हे ६० कोटी मिळणार असलेला संघ एकच आहे, आणि मेसेजमध्ये त्या संघातलं नाव फक्त वॉटसनचं.

अट घालायची तर पैसा घेणाऱ्याला घालावी. ते अशक्य नाही. मिनेसोटानं व्हायकिंग्जच्या स्टेडियमसाठी २०१२ मध्ये कायदा केला, त्यात संघ विकला गेला तर नफ्यातला हिस्सा जनतेकडे यावा असं कलम घातलं. चौकशी झाली तर अहवाल प्रसिद्ध व्हायलाच हवा, हे कलमही तसंच घालता येईल.

'स्टेडियममुळे भरभराट होतेच.' यावर फार लिहीत नाही, कारण अर्थशास्त्रज्ञांत इतकं एकमत क्वचित दिसतं. हंगामात घरचे सामने आठ किंवा नऊ. सरावाचे धरले तरी वर्षातले साडेतीनशे दिवस ती जागा फुटबॉलविना असते. जो माणूस तिकिटावर खर्च करतो तो त्या महिन्यात हॉटेलात किंवा सिनेमाला जात नाही, त्यामुळे पैसा गावातल्या गावात फिरतो, वाढत नाही. सेंट लुइसनं सार्वजनिक पैशातून घुमटवाला स्टेडियम बांधला आणि रॅम्स २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेले. शहरानं लीगवर केलेल्या खटल्यानंतर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच रॅम्सच्या मालकानं इंगलवुडमध्ये खासगी पैशातून स्टेडियम उभारलं, म्हणजे ते करता येतं.

हे फक्त इथलंच आहे असं समजू नका. आयपीएल सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये घटवलं, तेही २०११ पासून मागे जाऊन, आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. तिथेही चर्चा खेळाडू रात्री कुठे दिसले याचीच जास्त होते.

काका, २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या काउंटीनं बेंगॉल्सशी नवा भाडेकरार केला. स्टेडियमच्या दुरुस्तीला ४७ कोटी डॉलर लागणार, त्यातले ३५ कोटी काउंटीचे. तुमच्या मेसेजमध्ये खेळाडूंची पाच नावं आहेत. त्यातल्या एकानंही तुमच्याकडे हे ३५ कोटी मागितलेले नाहीत. मेसेज पुन्हा पाठवणार असाल तर ज्यांनी मागितले आणि आपल्या वतीनं काउंटीच्या ज्या आयुक्तांनी दिले, त्यांची नावं त्यात घाला. काउंटीच्या बैठकांची तारीख मी ग्रुपवर टाकते, तुम्ही येणार असाल तर गाडी मी काढेन.