ट्रॉलीचे दिवे मंद लागल्यास मोठा फ्यूज बसवू नये : खुलासा

ब्रेक दाबताच ट्रॉलीचे मागचे दिवे मंद होत असतील किंवा ब्रेकसोबत इंडिकेटरही उजळत असेल, तर जास्त अँपिअरचा फ्यूज बसवावा, असा सल्ला ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरचालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. फ्यूज प्रवाह वाढवत नाही. वायर जळण्यापूर्वी स्वतः वितळून तो तिला वाचवतो.

या लक्षणांमागे बहुतेक वेळा सदोष अर्थिंग, म्हणजे दिव्यातून प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, असते. परतीचा मार्ग तुटला की ब्रेकलाइटचा प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, आणि ज्या ट्रॉल्यांना स्वतंत्र अर्थ वायरच नसते, त्यांची सारी भिस्त ग्रीसने माखलेल्या हूकवर आणि गंजलेल्या सांगाड्यावर राहते. खात्रीसाठी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून दिव्याच्या बॉडीपर्यंत जाड वायर तात्पुरती जोडावी. दिवे सुधारल्यास दोष अर्थिंगचाच समजावा आणि तिथे कायमची वायर टाकावी. ट्रॉलीच्या विद्युत जोडणीच्या आयएसओ १७२४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मांडणीच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन ३ क्रमांकाची असते, मात्र स्थानिक जोडणीत रंग व क्रम बदललेले आढळतात, म्हणून टेस्टरने तपासूनच जोडावे.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर सांगाड्यावर घासून सोललेली वायर शोधावी.