डाल्स्टनची ती खोली आणि दादाची सीडी

लंडनला दादाकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी त्याला जवळजवळ ओढतच डाल्स्टनला नेलं, कॅफे ओटोमध्ये. गल्लीचं नाव अश्विन स्ट्रीट. (आपल्या कानाला लगेच नवरात्रच आठवतं!) बाहेरून बघाल तर साधा कॅफे. मोठ्या काचा, लाकडी खुर्च्या. दिवसा कॉफी मिळते आणि रात्री तिथेच गाणंबजावणं. हॅमिश डनबर आणि केइको यामामोतो या दोघांनी २००८ साली ही जागा सुरू केली. 'ओटो' म्हणजे जपानीत आवाज. सूर असो की गोंगाट, शब्द एकच. तिथे बरंचसं आयत्या वेळी सुचेल तसं, ठरलेल्या चालीशिवाय वाजवलेलं प्रायोगिक संगीत असतं, त्याला हे नाव अगदी चपखल बसतं.

उंच स्टेज वगैरे प्रकार नाही. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो आणि सॅक्सोफोनवाल्याच्या बुटाची सुटलेली नाडी मला दिसत होती. पहिली पाच मिनिटं नुसती फुसफुस, किल्ल्यांची टकटक. दादा कानात म्हणाला, "अगं, अजून ट्यूनिंगच चाललंय का?" मला हसू आवरेना. १९७१ साली न्यूयॉर्कला रविशंकरांनी सतार नुसती जुळवली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि इथे आम्ही उलटे! मग त्या माणसाने श्वास न तोडता वाजवायला सुरुवात केली. गालात हवा धरायची आणि नाकाने आत घ्यायची, आपले पुंगीवाले करतात तसं. तेव्हा कुठे दादाने फोन खिशात टाकला.

दुसऱ्या भागात ड्रमवाला. त्याने ड्रमच्या कातडीवर झांज आडवी ठेवली आणि तिच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला. मी दहा वर्षं तबला शिकलेय. आमच्या गुरुजींच्या तबल्यावर असं काही ठेवलं असतं तर त्यांनी मला त्याच पावली घरी पाठवलं असतं. पण तो आवाज! आधी दाराच्या बिजागरीसारखा, मग अगदी बारीक, दाताच्या मुळाशी जाणवणारा. गजाच्या राळेची पांढरी पूड त्याच्या काळ्या पँटवर पडत होती. खोलीत इतकी शांतता की कुणीतरी जॅकेटची चेन ओढली तर चारजणांनी वळून बघितलं.

सगळंच भारी होतं असं मुळीच नाही. त्यानंतर दोघे एकत्र वाजवायला बसले आणि पंधराएक मिनिटं चक्क फसले. एकाला कुठे जायचंय ते दुसऱ्याला कळत नव्हतं. मी घड्याळ बघितलं, खोटं कशाला बोलू. पण कुणी उठलं नाही, आणि त्या दोघांनीही घाबरून एखादी ओळखीची चाल पकडली नाही. मला हेवा वाटला तो याचाच. सवाईच्या मंडपात हजारो लोकांसमोर ठराविक वेळेत गाणाऱ्याने फसून कसं चालेल? मोठ्या मंचाचा तो नाइलाजच असतो. फसायला छोटी खोलीच लागते, आणि ती रोज उघडी असावी लागते. लंडनमध्ये एएमएम या वादकांच्या गटासारखी मंडळी १९६५ पासून असले उद्योग करतायत, त्यांच्यातले कीथ रो तर गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचे. साठ वर्षांत ऐकणारेही तयार झाले. आपल्याकडे असं काही झालंच तर पबमध्ये होतं, आणि मागे ग्लासांचा खणखणाट आणि गप्पा. मग आपणच म्हणतो, "आपल्याकडे याला श्रोताच नाही." अहो, पन्नास खुर्च्यांची एक शांत खोली दोन वर्षं नेमाने चालवून तरी बघा. भाडं कोण भरणार हा प्रश्न खराच आहे. तिकडे दिवसभर कॉफी विकतात. आपल्याला चहा-पोहे विकायला काय हरकत आहे?

संपल्यावर वादक स्वतःच टेबलाशी उभा राहून सीडी विकत होता. मी विचारलं, तुम्ही दोघे किती दिवस तालीम करत होतात? म्हणाला, आज पाच वाजताच पहिल्यांदा भेटलो.

दादा अख्ख्या वाटेत "डोकं उठलं" म्हणत होता. सीडी मात्र त्यानेच घेतली, दहा पौंडांना. घरात सीडी प्लेअर नाही. वहिनीने ती फ्रीजवर ठेवलीय, लाइटबिलांच्या गठ्ठ्यावर.