सॅक आत जाणार नाही

‘किमती वस्तू काउंटरवर ठेवू नयेत’ आणि ‘बॅग आत नेण्यास मनाई आहे’ हे दोन बोर्ड शेजारीशेजारी ठोकणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. म्युझियमचं नाव सांगत नाही, मला तिथे परत जायचंय. पुण्याहून शनिवार-रविवार मुंबईत चित्रं बघायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीवर सॅक असते, सोमवारी सबमिशन असल्यामुळे सॅकेत लॅपटॉप असतो, आणि त्या दोन बोर्डांच्या खाली एक काका बसलेले असतात.

“आत काय आहे?”

“कपडे, चार्जर, डबा, लॅपटॉप.”

“लॅपटॉप? मग नाही ठेवता येणार.”

“बरं, सॅक आत नेतो.”

“सॅक आत नाही.”

“लॅपटॉप हातात धरतो, सॅक इथे ठेवतो.”

“हातात कशाला? फोटो काढशील.”

“लॅपटॉपने?”

“का, कॅमेरा नसतो त्याला?”

“काका, मोबाइललाही असतो.”

“मोबाइल चालतो.” मग जरा जवळ वाकून, अगदी मायेने, “तू बोललास ना लॅपटॉप आहे म्हणून, तिथे घोटाळा झाला. बोलला नसतास तर मला काय दिसतंय?”

“मग समजा, मी बोललोच नाही.”

“आता कसं? आता मी ऐकलं.”

मागची रांग चुळबुळायला लागली. काकांना मात्र घाई नव्हती. डबा उघडायला लावून त्यांनी थालीपीठ पाहिलं. “हे तर मुळीच नाही. मुंग्या येतात.” शेवटी तोडगाही त्यांनीच दिला, “जोडीने यायचं. एकाने आत जायचं, एकाने सॅक धरून बसायचं. कॉलेजात कोणी नाही का तुझ्या?”

हा प्रश्न म्युझियमच्या अखत्यारीत येत नाही, एवढंच नमूद करतो.

नियम बिनबुडाचे नाहीत, म्हणून तर जास्त चिडचिड होते. पाठीवर सॅक असलेल्या माणसाला आपण मागे किती पसरलोय याचा पत्ता नसतो; तो नुसता वळला तरी मागची मूर्ती हलते. खाण्याच्या कणांनी किडे येतात, आणि मग ते थालीपीठ सोडून जुनं कापड आणि कागद खातात. स्केच करायला पेन चालत नाही, कारण शाईचा ओरखडा पुसता येत नाही. पेन्सिल बहुतेक ठिकाणी चालते. सगळं मान्य. पण मग किल्लीचे चार लॉकर लावा की! बाहेरगावचा माणूस सामान घेऊनच येणार, हे कळायला काय पुरातत्त्व खातं लागतं?

तोवर उपाय रेल्वेचा. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते. तिथल्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायला प्रवासाचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. नुसती चेन ओढलेली सॅक घेत नाहीत. तेव्हा बारीक दांडीचं छोटं कुलूप घरूनच न्यायचं आणि दोन्ही चेनच्या भोकांतून ओवायचं. दांडी जाड असली तर ती दोन्ही भोकांत मावत नाही आणि तुम्ही खिडकीपाशी सॅकेशी कुस्ती खेळत बसता. बाटलीचा बाहेरचा कप्पा आधीच रिकामा करायचा.

शनिवारी भायखळा करून टाकावं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीबागेला लागूनच आहे आणि रविवारी तिथे अख्खी मुंबई पेंग्विन बघायला लोटते. तुम्ही 1872 सालच्या इमारतीचे नक्षीदार लोखंडी खांब बघत असता आणि कोणीतरी खांद्यावर टकटक करून विचारतं, “पेंग्विन वरच्या मजल्यावर का?” शिवाय रविवारी मेगाब्लॉक. माटुंगा-मुलुंड बंद असलं आणि मुक्काम डोंबिवलीच्या मावशीकडे असला, तर दुपारपर्यंत तुमचं कलादर्शन म्हणजे खिडकीतून दिसणारं विक्रोळी.

संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. 1864 साली साहेब तो इंग्लंडला न्यायला निघाला आणि उचलताना त्याचे तुकडे झाले. तेव्हा सामानाचा घोळ हा या शहराच्या कलाक्षेत्रात जुनाच. काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेल्या एडवर्ड राजाचा पुतळासुद्धा इथेच आहे. 1965 मध्ये तो फोर्टातून हलवला आणि नाव तिकडेच राहिलं. आता तिकडे जो आहे तो 2017 साली बसवलेला, बिनस्वाराचा.

रविवार फोर्टासाठी, पण मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आधीची लोकल पकडून. सॅक मावशीकडे ठेवायची आणि कॉलेजचं ओळखपत्र खिशात घ्यायचं. सवलतीच्या खिडकीवर मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे. प्रदर्शनं तिथे मंगळवार ते सोमवार चालतात, म्हणजे रविवारी चित्रकार पाच दिवस बसून कंटाळलेला असतो आणि तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघतो. पाकिटात परतीचे पैसे घेऊन त्याच्या नजरेला नजर देणं अवघड. अभिप्रायाच्या वहीत निदान ‘खूप छान’पेक्षा लांब काहीतरी लिहा. समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणजे 1911 सालचा जुना कावसजी जहांगीर हॉल; अर्धगोल मजले चढत जायचे, त्यामुळे चपला मऊ हव्यात.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं बघायला जाल तर गडद शर्ट घाला. पांढरा टीशर्ट काचेत असा उमटतो की राधेच्या जागी तुमचंच पोट दिसतं. समोर उभं न राहता किंचित बाजूला सरकायचं. मंद उजेडाबद्दल कुरकुर करू नका, कागदावरच्या रंगांना साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड झेपतो आणि उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही. ही चित्रं मुळात हातात धरून बघायची, तेव्हा नाक काचेजवळ जाणारच, आणि नाक गेलं की “ओ, लांबून!” येणारच.

पण लांबून तरी किती वेळ उभं राहायचं? त्या काकांच्या म्युझियममध्ये अख्ख्या दालनात बसायला एक बाक नव्हता. खुर्ची होती एकच, आणि दिवसभर तिथे उभा राहणारा गार्ड तिच्यावर टेकला होता. त्याला उठवायचं कुठल्या तोंडाने? बाक कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, “खाली व्हिडिओ रूम आहे ना, एसी आहे, मस्त खुर्च्या आहेत.”

“कुठला व्हिडिओ असतो?”

“व्हिडिओ नाही. रूमला कुलूप आहे.”