‘कोल्ड’ हा फुल फॉर्म नाही आणि सर्दी हा फुप्फुसाचा रोग नाही

‘९९ टक्के लोकांना माहीत नसलेले फुल फॉर्म’ अशा मथळ्याचा एक हिंदी मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात म्हटलंय की न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, चेस म्हणजे चॅरियट-हॉर्स-एलिफंट-सोल्जर्स, ईट म्हणजे एनर्जी अँड टेस्ट, टी म्हणजे टेस्ट अँड एनर्जी अ‍ॅडमिटेड, बाय म्हणजे बी विथ यू एव्हरीटाइम, ओके म्हणजे ऑब्जेक्शन किल्ड. आणि याच रांगेत मधे कुठेतरी, कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज.

आजवर मी तो बघून पुढे सरकायचो. या हिवाळ्यात तो इंदूरमधल्या राजेंद्र नगरच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिला सर्दी झाली होती, नाक वाहत होतं, आवाज बसला होता. डॉक्टरांनी ‘कुछ नहीं, कोल्ड है’ म्हणून वाफ घ्यायला सांगितली. घरी येऊन तिने फोन उघडला तर समोर ही यादी. रात्री मला फोन: “अरे, मला फुप्फुसाचा कायमचा रोग झालाय. खरं सांग, तुम्ही सगळे मिळून लपवताय का माझ्यापासून?” एकट्या राहणाऱ्या बाईची रात्र या एका ओळीने नासली. ग्रुपवर ती टाकणाऱ्याला त्याचं काहीच नाही, तो म्हणतो ‘नॉलेज की बात है’.

मग त्या ओळीचंच आधी बघू. ही अक्षरं पूर्ण हवेतून आलेली नाहीत, हे मान्य करावं लागतं. फुप्फुसाच्या त्या रोगासाठी डॉक्टरी लिखाणात सी-ओ-एल-डी असं लघुरूप खरंच वापरलं गेलंय. आज बहुतेक डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. पण ते लघुरूप विसाव्या शतकातलं आहे. कोल्ड हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्दाखाली तो लिखाणात सर्वांत आधी कुठे सापडला ते काळासकट दिलेलं असतं. एवढी एकच गोष्ट तपासली तरी अख्खी यादी कोसळते. नातवाच्या नावावरून आजोबांचं नाव ठेवलं म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

आणि शब्द आपण रोज कसा वापरतो ते तरी बघा. छप्पन दुकानवर कोल्ड कॉफी मागतो, मालव्याचा बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो, जानेवारीत कोल्ड वेव्हच्या बातम्या वाचतो, कुणी तुटक वागलं तर ‘फार कोल्ड बोलला’ म्हणतो. या सगळ्याच्या मुळाशी एकच अर्थ आहे, थंड. नाक गळण्याच्या दुखण्याला इंग्रजीत हेच नाव पडलं, कारण ते थंडी लागल्यामुळे होतं अशी लोकांची समजूत होती. आपणही वेगळं काही केलेलं नाही. ‘सर्दी’ हा शब्द फारसी ‘सर्द’वरून आला, आणि सर्द म्हणजे थंडच.

चुकीची व्युत्पत्ती एकवेळ सोडून दिली असती. पण इथे दोन दुखणी एक केली आहेत. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिचे दोनशेहून जास्त विषाणू आहेत, त्यांत रायनोव्हायरस सगळ्यांत जास्त आढळतात. आठवडा-दहा दिवसांत ती बहुधा आपोआप बरी होते. सीओपीडी बहुतेकदा वर्षानुवर्षांच्या धुरातून होतो, मग तो बिडी-सिगारेटचा असो की बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा. श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगभरात या रोगाने सुमारे ३५ लाख माणसं गेली.

मावशी नुसती घाबरली, ते निभावलं. मला जास्त भीती उलट्या वाचनाची वाटते. ज्याने तीस वर्षं बिडी ओढली, ज्याला रोज सकाळी खोकल्याची उबळ येते आणि एक जिना चढला की धाप लागते, तो ही ओळ वाचून म्हणेल, ‘हेच ना ते कोल्ड? मग काढा घेतो.’ त्याला गरज असते ती स्पायरोमेट्रीची. नळीत जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. बिडी सोडली आणि वेळेवर इनहेलर सुरू झाला तर त्रास बराच आटोक्यात राहतो. काढ्यात गेलेली वर्षं मात्र परत मिळत नाहीत.

बाकीच्या ओळींवर फार वेळ घालवायची गरज नाही. ओके हे लघुरूप आहे खरं, पण भलत्याचंच. कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये पुराव्यानिशी दाखवलं की २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगवरून छापलं गेलं. न्यूज ‘न्यू’वरून आलं, जुन्या छपाईत त्यात ‘एस’च्या आधी आणखी एक ‘ई’ दिसतो. ती पाचवी दिशा कुठली? टी हे चीनच्या फुजियान किनाऱ्यावरचं ‘ते’, डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेलेलं. आपला चहा चीनमधल्याच ‘चा’ या उच्चारावरून आला.

चेसबद्दल अर्धं श्रेय देतो. रथ, घोडा, हत्ती, पायदळ ही आपल्या चतुरंगाची चार अंगं आहेतच आणि खेळ भारतातूनच गेला. चेस हा शब्द मात्र फारसी ‘शाह’वरून फ्रेंचमार्गे आला. आपण ‘शह दिला’ म्हणतो तो हाच शब्द. बायमध्येही थोडं तथ्य आहे: गुडबाय हे ‘गॉड बी विथ यी’ झिजून झालं, पण बी-वाय-ई ही तीन शब्दांची आद्याक्षरं नव्हेत.

सगळ्यांत वाईट वाटतं ते ईट आणि स्माइलचं. ईट हा संस्कृत ‘अद्’ धातूच्या नात्यातला शब्द. त्याच ‘अद्’पासून आपलं ‘अन्न’ आलं. स्माइल आणि ‘स्मित’ एकाच घराण्यातले. पोरांना सांगण्यासारखं हे एवढं असताना त्यांच्या वहीत ‘स्माइल म्हणजे स्वीट मेमरीज इन लिप्स एक्स्प्रेशन’ उतरवून दिलं जातं, आणि तपासणारे त्यावर ‘गुड’ लिहितात.

ग्रुपवर ही यादी पुन्हा टाकायचीच असेल, तर निदान कोल्डची ओळ पुसून टाका. आणि ती वाचून आधीच कुणी घाबरलं असेल किंवा जुना खोकला अंगावर काढत असेल, तर त्याला आज फोन करा.