बघायचे पैसे नाहीत, ताई!

खरेदीला निघालेल्या मराठी माणसाचं ठेवणीतलं हत्यार म्हणजे ‘जरा पुढे बघून येतो’. तुळशीबागेत एवढं म्हणून चार पावलं टाकली की मागून हाक येते आणि किंमत खाली उतरते. श्रीनगरच्या दल सरोवरात मात्र हे हत्यार चालत नाही. शिकाऱ्यात बसून पुढे जाणार कुठे? चार पावलं टाकलीच, तर तिसरं पाण्यात पडतं.

शिकारा काठापासून जरा लांब गेला की दुकानं आपल्याकडे यायला लागतात. एका होडीत केशर, दुसरीत पेपर माशेच्या डब्या, तिसरीत निखाऱ्यावर भाजलेली कणसं, तर एकीत चक्क काश्मिरी पोशाख आणि फोटोग्राफर. होडी अलगद येऊन चिकटते, विक्रेता एका हाताने आपल्या शिकाऱ्याची कड धरतो आणि मराठीत म्हणतो, “घ्या ना काकू! बघायचे पैसे नाहीत, ताई!” (काकू मी, ताई माझी मुलगी. त्या क्षणापासून माझं मन त्याच्याविरुद्ध गेलं.) आमचा नावाडी तोवर वल्हं आडवं टाकून झबरवानचे डोंगर निरखत बसला होता.

“बघू तरी,” नवरा म्हणाला. घरी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी वाद घालणारा हा माणूस सुट्टीवर गेला की संस्थानिक होतो.

शाल निघाली. ती अंगठीतून आरपार जाते, असं सांगून विक्रेत्याने अंगठी मागितली. नवऱ्याची अंगठी साखरपुड्यातली. बोट वाढलं, अंगठी आहे तेवढीच राहिली. सरोवराचं पाणी लावून ओढून झालं, पण ती हलेना. शेवटी माझी दिली आणि ती बुडाली तर कोणाला जबाबदार धरायचं, याचा विचार करत बसले. शाल सुळकन पार झाली. नवरा वा वा म्हणाला. मग मी माझी तुळशीबागेतली ओढणी त्याच अंगठीतून ओवली. ती शालीच्या आधी पलीकडे पोचली.

विक्रेता खचला नाही. त्याने शालीची एक दशी तोडून काडीने पेटवली. केस जळल्याचा वास सुटला. पण त्यावरून लोकर आहे एवढंच कळतं. पश्मिना की साधी मेंढीची, हे नाकाला कुठून समजणार? खरी पश्मिना लडाखच्या चांगथांगी शेळीच्या अंगची, तिचा तंतू १६ मायक्रॉनच्या आतला, आणि तपासून घेतलेल्या शालीला जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, लेबल लावलेलं असतं, हे मी निघण्यापूर्वी पाठ करून ठेवलं होतं.

“लेबल?” मी विचारलं.

“लेबल दुकानात आहे, काकू.” त्याने दुकानाच्या दिशेने हात केला. तिकडे नुसतं पाणी होतं.

शेवटी साधी लोकरीची शाल लोकरीच्याच भावात घ्यायचं ठरलं. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्मी बोली नवऱ्याने लावली आणि विक्रेता लगेच “घ्या” म्हणाला. यासारखी वाईट वेळ नाही. नाही म्हटलं असतं, तर आम्ही आनंदाने थोडे वाढवून दिले असते. लगेच हो म्हटल्यावर मात्र पाव म्हणायला हवं होतं, ही रुखरुख थेट हाउसबोटीपर्यंत पुरली.

केशराच्या मळ्यांच्या पांपोरला गाडी थांबवायची की नाही, हे पर्यटकाने ठरवायचं नसतं. ड्रायव्हरचं ठरलेलं असतं. मे महिन्यात केशराचं फूल दिसत नाही, कारण ते ऑक्टोबरच्या अखेरीस उमलतं. दिसते ती तपकिरी माती. लोक तिच्यासमोर फोटो काढून घेतात, आम्हीही काढले. दुकानात गरम कहवा (काश्मिरी चहा) फुकट मिळतो आणि एकदा तो प्यायला की रिकाम्या हाताने उठणं मराठी संस्कारात बसत नाही. एक ग्रॅम केशरासाठी दीडशेच्या आसपास फुलं लागतात, हे ऐकल्यावर घासाघीस करायची जीभही उचलत नाही. केशर पाण्यात टाकून दाखवलं. रंग हळूहळू उतरला, काड्या लालच राहिल्या. म्हणजे अस्सल. आता ते श्रीखंडात टाकायचा धीर होत नाही, हा भाग वेगळा.

शेजारीच कागदी अक्रोड. दुकानदार दोन बोटांनी फोडून दाखवतो. आमच्या बोटांचा काही दोष असावा, कारण पुण्यात ते बाथरूमच्या दाराच्या फटीत धरूनच फुटतात. पुढे हायवेला बॅटची दुकानं लागली आणि भाच्यासाठी काश्मिरी विलोची बॅट घेणं ओघाने आलंच.

या सगळ्याचा हिशेब श्रीनगर विमानतळावर झाला. तिथे टर्मिनलच्या बरंच आधी सामान गाडीतून उतरवून तपासतात. त्यामुळे आपण काय काय घेतलंय, हे मागच्या गाड्यांनाही कळतं. बॅट विमानात हातात नेता येत नाही. ती बॅगेत कोंबली तेव्हा काट्याने १५ किलो ओलांडले. मग अक्रोड मुलीच्या पाठीवर गेले, शाल माझ्या खांद्यावर, आणि नवरा दोन स्वेटर एकावर एक चढवून पुण्यात उतरला. भर मे महिन्यात.

शाल नागपूरच्या नणंदेसाठी होती. कुरिअरने पाठवली. चार दिवसांनी फोन आला.

“वहिनी, शाल फारच गोड आहे हो. काल कूलर फुल करून, पाण्यात बर्फ टाकून, पाच मिनिटं पांघरून बघितली.”