रॉय सिमन्स ज्युनियर यांची विजेतेपदं: पाच की सहा?

अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा मैदानी खेळ) संघाचे कोच रॉय सिमन्स ज्युनियर यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, हे वाक्य सर्रास फिरतं. एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या अधिकृत नोंदीत मात्र पाचच आहेत: 1983, 1988, 1989, 1993 आणि 1995.

गोंधळ आहे तो 1990 चा. त्या वर्षी सिराक्यूजने अंतिम सामन्यात लोयोला विद्यापीठाचा 21-9 असा धुव्वा उडवला, त्याबद्दल दुमत नाही. पण नंतर चौकशीत निघालं की पॉल गेट या खेळाडूच्या गाडीच्या कर्जाला कोचच्या पत्नी जामीन राहिल्या होत्या. नियमाने खेळाडूला असा फायदा देता येत नाही. पॉल अपात्र ठरला आणि एनसीएएने ते विजेतेपद रद्द केलं. उपविजेत्या लोयोलालाही ते दिलं नाही, त्यामुळे 1990 ची जागा रिकामीच. विद्यापीठ आजही ते आपल्या यादीत धरतं. म्हणून सगळ्या कोचची मिळून सिराक्यूजच्या विजेतेपदांची एकूण संख्या कुठे 10 दिसते, कुठे 11. माझ्या मते सहा लिहायला हरकत नाही, फक्त 'अधिकृत' म्हणू नका.

आणखी एक घोळ म्हणजे बाप-लेकांची सरमिसळ. वडील रॉय सिमन्स सीनियर 1931 ते 1970 कोच होते, मुलगा 1971 ते 1998. एनसीएएची स्पर्धाच 1971 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं एकही विजेतेपद वडिलांच्या खात्यात जमा करता येत नाही.

पॉलचा जुळा भाऊ गॅरी 2022 च्या हंगामापासून याच संघाचा कोच झाला.