मार्टिकानला ‘कायमचा दुसरा’ म्हणण्याआधी

ऑलिंपिक जवळ आलं की जुन्या खेळाडूंवरचे मजकूर फिरायला लागतात. त्यातलाच एक स्लोव्हाकियाच्या मिखाल मार्टिकानवर. हा कॅनू स्लालमचा खेळाडू, म्हणजे खळाळत्या पाण्यात वर टांगलेल्या खांबांमधून छोटी बोट नेण्याच्या शर्यतीतला. सार असं: सतराव्या वर्षी पोराला ऑलिंपिक सुवर्णाची लॉटरी लागली, पुढे फ्रान्सच्या टोनी एस्तांगेपुढे त्याची डाळ कधीच शिजली नाही, अथेन्सला तर पंचांनी हातातलं सुवर्ण काढून घेतलं. आणि नाहीतरी कॅनू स्लालम म्हणजे पाण्यासोबत वाहत जायचं; त्यात उतरतात तरी किती देश?

‘एस्तांगेपुढे कधीच चाललं नाही’ आणि ‘जिंकलेला असताना लुबाडला’ ही दोन्ही विधानं एकाच मजकुरात सुखाने नांदतायत, याचं मला जास्त कौतुक वाटतं. असो, एकेक घेऊ.

‘सतराव्या वर्षी लॉटरी लागली.’

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची स्लालम शर्यत टेनेसीमधल्या ओकोई नदीवर झाली. मार्टिकान तेव्हा १७ वर्षांचा होता, हे खरं. पण त्याच्या मागे दुसरा कोण होता? चेक प्रजासत्ताकाचा लुकाश पोलर्ट, म्हणजे १९९२ चा ऑलिंपिक विजेता. पोलर्ट बुडाला नाही, अडखळला नाही, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाने मागे राहिला. गतविजेता ऐन भरात असताना त्याला मागे टाकणं ही लॉटरी असेल, तर पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या जागतिक स्पर्धेत याच मुलाला पुन्हा तीच लॉटरी लागली म्हणायचं. १ जानेवारी १९९३ ला जन्मलेल्या देशाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण होतं. मुलगा लिप्टोव्स्की मिकुलाशचा. त्या गावात वाह नदीवर (हो, नदीचं नावच ते) स्लालमचा तयार मार्ग आहे, आणि शिकवायला वडील. नशीब शोधायचंच असेल तर ते इथे शोधा, ओकोईवर नव्हे.

‘अथेन्सला सुवर्ण काढून घेतलं.’

हा मुद्दा मार्टिकानचे चाहतेच जास्त पसरवतात, म्हणून थोडं थांबतो. स्लालममध्ये वर टांगलेल्या दोन खांबांमधून जायचं असतं, त्याला गेट म्हणतात. शरीर, वल्हं, बोट, काहीही खांबाला नुसतं घासलं तरी वेळेत २ सेकंद वाढतात. गेट चुकलं तर ५०. घड्याळ थांबलं म्हणजे निकाल लागला असं नसतं. गेटवरच्या पंचांची नोंद आणि चित्रीकरण पाहून दंड नक्की होतो. २००४ ला उपांत्य आणि अंतिम, दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरली होती. एस्तांगे १८९.१६, मार्टिकान १८९.२८. फरक ०.१२ सेकंदाचा. मार्टिकानच्या वेळेत एका स्पर्शाचे २ सेकंद होते, ते नसते तर तो आरामात पहिला होता. हळहळ वाटावी असंच हे आहे. पण क्रिकेटमध्ये बॅटची कड लागून झेल गेला आणि तिसऱ्या पंचाने बाद दिलं, तर ‘शतक काढून घेतलं’ असं आपण म्हणत नाही.

‘एस्तांगेपुढे कधीच चाललं नाही.’

आता मूळ दुखणं. इथे आधी जे मान्य करायला हवं ते करतो. सिडनी २०००, अथेन्स २००४ आणि लंडन २०१२, तिन्ही ठिकाणी एस्तांगे पहिला आणि मार्टिकान मागे: रौप्य, रौप्य, कांस्य. ऑलिंपिक सुवर्णं मोजली तर ३ विरुद्ध २. त्याला उत्तर नाही.

पण ‘कधीच’ हा शब्द टिकत नाही. २००८ ला बीजिंगमध्ये फ्रान्सचा ध्वज घेऊन चाललेला एस्तांगे अंतिम फेरीतही पोहोचला नाही. मार्टिकानने सुवर्ण घेतलं, ब्रिटनच्या डेव्हिड फ्लोरेन्सला जवळजवळ दोन सेकंद मागे ठेवून. पहिल्या सुवर्णानंतर बारा वर्षांनी! आणि जागतिक स्पर्धेतली वैयक्तिक विजेतेपदं पाहा. एस्तांगेची तीन: २००६, २००९, २०१०. मार्टिकानची चार: १९९७, २००२, २००३, २००७. यातल्या शेवटच्या दोन तारखांमध्ये एक गोष्ट दडलेली आहे. अथेन्सनंतर नियम बदलला आणि एकट्याच्या कॅनूची किमान लांबी ४ मीटरवरून साडेतीन मीटरवर आली. बोट छोटी झाली की तिचं वळणं, शेपूट पाण्याखाली दाबून गिरकी घेणं, सगळंच बदलतं. लांब बोटीवर घडलेल्या हातांनी पंचविशी उलटल्यावर नवी बोट शिकायची होती. २००३ चं विजेतेपद जुन्या बोटीतलं, २००७ चं नव्या.

शिवाय १९९६ ते २०१२ या सलग पाच ऑलिंपिकमध्ये पाच पदकं. एकदाही हात हलवत परत आलेला नाही. याला ‘दुसरा’ म्हणायचं असेल तर पहिल्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागेल.

‘पाण्यासोबत वाहत जायचं.’

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेल्यांना असं वाटणं साहजिक आहे. तिथे आठ-दहा जण, मागे गाइड, आणि नदी जिकडे नेईल तिकडे. मार्टिकानच्या प्रकारात माणूस बोटीत गुडघ्यांवर बसतो, हातात एकाच पात्याचं वल्हं. हिरवी गेट प्रवाहाच्या दिशेने पार करायची, पण लाल गेट प्रवाहाविरुद्ध. म्हणजे खाली सुसाट येताना अचानक बाजूच्या भोवऱ्यात शिरायचं, वळायचं, उलटं वर चढायचं, आणि परत मुख्य धारेत पडायचं. साधारण दीड मिनिटात अशी सहा चढणं. ज्यांना जवळून पाहायचंय त्यांनी अहिल्याबाईंच्या महेश्वरला जावं. तिथे नर्मदेच्या सहस्रधारेत आपल्याकडची स्लालम होते. २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतली शर्यतही तिथेच झाली.

‘उतरतात तरी किती देश?’

देश मोजण्यापेक्षा स्वतःच्या घरातली रांग मोजा. सिडनीत मार्टिकानच्या मागे तिसरा आलेला युराय मिंचीकही स्लोव्हाकच होता. पुढे ऑलिंपिकमध्ये या प्रकारात एका देशाची एकच बोट असा नियम झाला, आणि स्लोव्हाकियात एकाच वेळी मार्टिकान, मातेय बेन्युश आणि अलेक्झांडर स्लाफकोव्स्की असे तिघे. हेच तिघे एकत्र उतरले की जागतिक स्पर्धेत सांघिक सुवर्ण घेऊन यायचे, आणि ऑलिंपिकच्या वर्षी त्याच एका जागेसाठी एकमेकांना भिडायचे. २०१६ च्या रिओची जागा मार्टिकानला मिळाली नाही. ती बेन्युशला मिळाली आणि तो रौप्य घेऊन आला. त्याच्या शेजारी कांस्य घेऊन उभा होता जपानचा ताकुया हानेदा. शाळा संपल्यावर हा मुलगा कॅनू शिकायला घर सोडून निघाला होता, आणि गेला होता स्लोव्हाकियात.